उभी हद्द, आडवे तास

आमच्या उतारावरच्या मातीने यंदा गाव सोडायचं ठरवलं आणि तसं तलाठ्याच्या कचेरीत जाऊन रीतसर सांगितलं. तलाठी भाऊसाहेबांनी मला आणि माझे धाकटे दीर रंभाजी यांना बोलावून घेतलं. माती खुर्चीवर बसली होती. आम्ही उभे राहिलो.

"कुठं जाणार?" भाऊसाहेबांनी तिला विचारलं.

"खाली, धरणात. दरसाल थोडी थोडी जातेच हाय. आता समदीच जाते."

"कारण?"

"ह्यांलाच इचारा की."

कारण गावाला ठाऊक होतं. सासऱ्यांच्या माघारी आमचे मालक आणि दीर या दोघा भावांनी वाटणी केली ती डोंगरापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्यांत, कारण खालची काळी जमीन दोघांनाही हवी होती. पट्टे इतके अरुंद की बैल आडवे चालवताच येत नाहीत. म्हणून नांगर वरून खाली, आणि नांगराच्या त्याच तासांतून पाणी मातीला हाताला धरून न्यायचं. मालक हयात असताना मी हे शंभरदा बोलले. ऐकतं कोण?

"काय केलं तर राहाल?" भाऊसाहेबांनी अदबीनं विचारलं.

"मधला बांध मोडा. दोन्ही पट्टं मिळून आडवं नांगरा. पाणी अडवायला मातीच्या आडव्या ताली घाला, तालींवर गवत लावा."

"बांध मोडणार नाय," दीर म्हणाले. "हद्द ती हद्द."

माती उठली.

माझं डोकंच फिरलं. त्या मातीवर मी दोन पोरी वाढवल्या, आता काय खडकावर पेरू? "दिवस मावळेपर्यंत थांब," मी तिला म्हणाले आणि तडक घरी येऊन बैल जुंपले.

बांधाला नांगर लागला तसे दीर आडवे आले. "वहिनी, कोर्टात खेचीन!"

"खुशाल खेचा, भाऊजी. मी नांगर थांबवायची नाय."

ते हलेनात. मी त्यांना वळसा घालून बैल नेले. बांध गेला, दोन्ही पट्ट्यांत आडवे तास पडले. त्यांच्या पायाखालचा हातभर तुकडा तेवढा उरला. माती संध्याकाळी परत आली आणि आडव्या तासांत पसरून बसली. तिच्या सांगण्यावरून मी ताली घातल्या, गवत लावलं. दीर रोज येऊन त्या तुकड्यावर उभे राहायचे.

आषाढात पाणी नेहमीच्या ऐटीत डोंगरावरून उतरलं आणि पहिल्या तालीशी अडलं.

"चल," ते मातीला म्हणालं.

"नाय येत."

"दरसाल येतीस की!"

"औंदा नाय. तुला ऱ्हायचं तर आत मुर."

पाणी तालीला टेकून बराच वेळ उभं राहिलं. मग निम्मं मुकाट्यानं मुरलं. उरलेल्यानं दिरांना विचारलं, "तू येतोस?" त्यांचा तुकडा उभाच होता, तो लगेच पाण्याबरोबर धरणाकडे निघाला. दीर काही त्यावरून उतरले नाहीत.

हल्ली ते धरणात मधोमध आपल्या हद्दीवर उभे असतात. सणावाराला मी होडीतून ताट पाठवते.