ग्राफिक्स कार्ड आणि लाल गोल

तक्तेसाहेबांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. कारखान्याच्या भांडार विभागात त्यांनी सव्वीस वर्षं तुलनात्मक तक्ते केले होते. खिळे घ्यायचे असोत की फिनेल, तक्तेसाहेब कागदावर दोन रकाने पाडणार, रांगा आखणार, प्रत्येक रांगेत एका आकड्याला लाल पेनने गोल करणार. ज्याचे गोल जास्त, त्याचा माल. यात भावनेला जागा नव्हती (म्हणजे अक्कल वापरायलाही नव्हती, पण ते कुणी बोलून दाखवत नसे).

ही विद्या त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबांनी दिली. पुढे त्याच साहेबांनी स्वतःच्या मुलीसाठी आलेल्या दोन स्थळांचा तक्ता केला आणि तक्तेसाहेबांना जावई करून घेतलं. तो कागद तक्तेसाहेबांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात जपला होता. घरात वाद झाला आणि आपली बाजू लंगडी पडू लागली की ते म्हणत, "दहापैकी नऊ गोल आहेत माझे." त्यावर बायको गप्प बसे. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ ते आपल्या सोयीने लावत.

अशा घरात एका शनिवारी मुलीच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड जळालं. मुलगी अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची चार मिनिटांची फिल्म शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजात द्यायची होती, नाहीतर वर्ष गेलं. फिल्मचं काम झालं होतं. आता संगणकाने एकेक चित्र पक्कं करत ती बांधायची होती, आणि ते काम कार्डाचं.

"बाबा, दुकानात दोन कार्डं आहेत," मुलगी म्हणाली. "त्यातलं पहिलं घ्या. किमतीत फारसा फरक नाही."

"तू शिफारस केलीस, नोंद घेतली," तक्तेसाहेब म्हणाले. "वापरणाऱ्याने शिफारस करायची, निवड भांडाराने करायची."

"अहो, ती सांगतेय ते आणा ना सरळ," बायको म्हणाली.

"असं सरळ आणलं असतं तर कारखाना कधीच बुडाला असता."

मुलीला सोमवारी दिवसभर कॉलेजात थांबणं भाग होतं, म्हणून तिने आग्रह सोडला. तक्तेसाहेबांनी रविवार सत्कारणी लावला. दोन्ही कार्डांची माहिती छापून काढली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. मेमरी : पहिलं बारा जीबी, दुसरं आठ. आठाला गोल. एका सेकंदात किती चित्रं दाखवतं : ब्याण्णव आणि सत्तावन्न. सत्तावन्नला गोल. पंखे : तीन आणि एक. एकाला गोल. वॉरंटी : तीन वर्षं आणि दोन वर्षं. इथे त्यांचा हात क्षणभर थांबला, पण शिस्त ती शिस्त. दोनाला गोल.

संध्याकाळी हिशेब लागला. अकराच्या अकरा गोल दुसऱ्या कार्डाला. इतका एकतर्फी निकाल त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. पहिलं कार्ड बाजारात टिकतं तरी कसं, याचंच त्यांना नवल वाटलं.

सोमवारी दुकानदाराने दुसऱ्या कार्डाचा खोका काढताना विचारलं, "काम काय करणार यावर?"

"फिल्म."

"मग पहिलं घ्या की."

"अकरा विरुद्ध शून्य आहे," तक्तेसाहेबांनी तक्ता पुढे केला.

दुकानदाराने तो वाचला. मग उलटा धरूनही वाचला. "कुणाच्या बाजूने?" त्याने विचारलं.

तक्तेसाहेबांना त्याची कीव आली. त्यांनी तिथेच सील फोडून माल तपासला (भांडाराचा नियम) आणि 'माल तपासून घेतला, परत करणार नाही' या ओळीखाली झोकदार सही केली.

घरी मुलीने खोका पाहिला आणि ती खुर्चीत बसली. मग तिने तक्ता मागितला.

"बाबा, तुम्ही प्रत्येक रांगेत कमी आकड्याला गोल का केलात?"

"नेहमीच करतो. दर, कर, वाहतूक, माल पोचायचे दिवस. जे कमी ते चांगलं."

"आणि मेमरी?"

तक्तेसाहेबांनी बारा आणि आठ या आकड्यांकडे पुन्हा पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एखाद्या आकड्याचा अर्थ लागला. पोरीचं वर्ष आपल्या लाल पेनने गेलं, असं त्यांना वाटलं.

मुलीने तेच कार्ड बसवलं. पहिल्या कार्डाने दोन दिवसांत झालं असतं ते काम हे ब्याण्णव तासांत करणार होतं. सोमवारी संध्याकाळी सात ते शुक्रवार पाच म्हणजे चौऱ्याण्णव तास. तक्तेसाहेबांनी चार दिवसांची रजा टाकली. संगणकावर 'हात लावू नये' अशी पाटी चिकटवली, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत शेजारी बसून राहिले. घरात इस्त्री आणि मिक्सर बंद. बायकोसुद्धा त्या खोलीत परवानगी घेऊन येई.

शुक्रवारी तीनला फिल्म पुरी झाली आणि पावणेपाचला मुलगी ती देऊन आली. तक्तेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जीव भांड्यात पडल्यावर त्यांना आपली पत परत मिळवावीशी वाटली.

"पद्धत वाईट नाही," ते म्हणाले. "याच पद्धतीने तुझ्या आजोबांनी मला निवडलं." आणि त्यांनी कपाटातून फोल्डर काढला.

मुलीने कागद हातात घेतला. "उंची : पाच फूट नऊ आणि पाच फूट चार. चाराला गोल," ती वाचू लागली. "परीक्षेतले टक्के : एक्काहत्तर आणि अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसला गोल. पगार..."

"पुरे," तक्तेसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी गोल मोजले होते, आत काय लिहिलंय ते पाहिलं नव्हतं.

"त्या पाच फूट नऊवाल्याला एकच गोल आहे. वयाच्या रांगेत." मुलीने आईकडे पाहिलं. "आई, तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर आठवड्याने वाचला मी तो कागद."

"मग आजोबांना काही बोलली नाहीस?"

"बोलले ना. ते म्हणाले, रजिस्टरवर तुझी सही झाली आहे, आता माल परत जात नाही."

तक्तेसाहेबांनी कागद परत फोल्डरमध्ये घातला. मग हळूच विचारलं, "त्यात वॉरंटीची रांग होती का गं?"

"नव्हती," बायको इस्त्रीचं बटण दाबत म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं घरीच दुरुस्ती चालली आहे."