टिटवी पाय खाली घेते

मुलांनो, ही गोष्ट ऐकून तुम्ही घाबरलात तर काय, या काळजीने मला काल झोप लागली नाही. मग वाटलं, अजिबात घाबरला नाहीत तर? म्हणजे गोष्ट जमलीच नाही. मग तीही काळजी. शेवटी ठरवलं, सांगून टाकावी. फारच भीती वाटली तर कान झाका.

एका जंगलात, तळ्याच्या काठी, एक टिटवी राहायची. ती उताणी झोपायची, दोन्ही पाय वर करून. कशाला? तर आकाश पडलं तर धरायला.

टिटवीचे पाय केवढे? काडीएवढे. आकाश केवढं? ते तुम्हीच बघा. हे टिटवीलाही कळत होतं. चांगली शिकलेली होती ती. पण कळलं म्हणून पाय खाली येत नव्हते.

तिची छाती धडधडायची. चोच कोरडी पडायची. चोचीत किडा धरला की तो खायचा असतो, हेच ती विसरायची.

जंगल फार प्रेमळ होतं. सगळ्यांनी तिला सल्ले दिले.

“वहिनी, तुम्ही फार विचार करता,” मोर म्हणाला. “मी बघा, करतच नाही.”

हे सगळ्यांना माहीत होतं.

“आमच्या वेळी असली थेरं नव्हती,” गवा आजोबा रवंथ करत म्हणाले. “आमची आई दिवसभर थरथरायची, रात्रभर फेऱ्या मारायची. पण तिला कधी काही झालं नाही.”

टिटवा, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, “अगं, तुला कमी काय आहे? तळं आहे, किडे आहेत, मी आहे.”

टिटवीने तिन्हींकडे एकदा नीट पाहिलं. धडधड वाढली.

असंच चाललं असतं. पण एका दुपारी तिचं पिल्लू तिच्या शेजारी येऊन उताणं झालं. त्याने आपले दोन इवलेसे पाय वर केले.

“हे काय रे?”

“आई, तुझ्या बाजूचं तू धर. माझ्या बाजूचं मी धरतो.”

टिटवी तशीच उठली आणि डॉक्टर खवलीबाईंकडे गेली.

खवलीबाई म्हणजे खवले मांजर. दवाखाना वारुळामागे. आत शिरताना टिटवीच्या पंखाने दाराची पाटी पडली. त्या आवाजाने डॉक्टर दचकल्या आणि त्यांचा चेंडू झाला. थोड्या वेळाने उलगडल्या.

“माफ करा हं. बोला.”

“तुम्हीसुद्धा घाबरता?”

“रोज! भीती वाईट नसते हो. बिबट्या आला की चेंडू व्हायचं, गेला की उलगडायचं. तुमचा बिबट्या गेला, तुम्ही उलगडला नाहीत. हा आजार आहे. नाटक नाही, आणि लाडही नाहीत.”

“पण मलाच का झाला?”

“तुमची आई अशीच झोपायची?”

“हो. आजीसुद्धा.”

“आणि वरून खरंच कधी काही पडलं होतं?”

टिटवीने आधी दाराची पडलेली पाटी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाली, “गारा. अंडी चार होती. त्यातलं हे एक राहिलं.”

खवलीबाईंनी ‘जाऊ दे, विसर आता’ असं म्हटलं नाही. पाठही थोपटली नाही, खवले टोचतात. फक्त म्हणाल्या, “मग पाय वर जाणारच.”

टिटवी त्या दिवशी पोटभर रडली.

मग उपचार ठरले. एका सालीचा कडू काढा. लगेच गुण येणार नाही, आणि आपल्या मनाने बंद करायचा नाही. श्वास हळूहळू सोडायची सवय. अधूनमधून येऊन बोलायचं. “आणि एक पाय खाली,” डॉक्टर म्हणाल्या. “एकच. रात्रीचं आकाश मोठं असतं, दुपारच्या आकाशापासून सुरुवात करा. धडधडेल. धडधडू दे. तशीच पडून राहा.”

बातमी जंगलभर झाली. आणि मुलांनो, गंमत बघा. रोज टिटवीला हसणारं जंगल धावत तळ्याकाठी आलं.

“वहिनी, असं एकदम कसं चालेल?” मोर म्हणाला.

“आकाश पडत नाही, असं तुम्हीच म्हणायचात ना भावजी?”

“पडत नाहीच! पण का पडत नाही, याचाही विचार करायला हवा.”

तो मोराचा पहिला विचार होता.

टिटवा जवळ आला. “तू धरतेस म्हणून मला शांत झोप लागते गं. घराला सवय झालीय त्याची.”

“मग आजची दुपार तू धर.”

“मी? माझ्या कंबरेचं तुला माहितीय.”

“आमच्या वेळी बायका असं विचारत नसत,” गवा आजोबा म्हणाले.

टिटवी उताणी झाली. उजवा पाय हळूहळू खाली आणू लागली. छाती अशी धडधडली की तळ्यातले बेडूक बाहेर येऊन बघू लागले. जंगल श्वास रोखून वर पाहत होतं. एक ढग जरासा सरकला. मोर किंचाळला. टिटवीचा पाय झटकन वर गेला.

पिल्लू तिच्याकडेच बघत होतं.

तिने श्वास सोडला. हळू. पाय पुन्हा खाली आणला आणि जमिनीला टेकवला.

आकाश जिथल्या तिथे होतं.

पिल्लाने आपला एक पाय खाली घेतला. मग त्याला कंटाळा आला. दुसराही खाली घेतला आणि ते किडे शोधायला पळालं.

टिटवीचा दुसरा पाय अजून वरच आहे. डॉक्टर म्हणतात, घाई नाही.

तर, त्या दुपारी पिल्लू पळालं तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला. गवा आजोबा उताणे पडले होते, चारही पाय वर. “काही नाही, जरा पाठ खाजतेय,” ते म्हणाले. त्यांच्या शेजारी मोर, पाय वर. मोराच्या शेजारी टिटवा, कंबरेसकट. सगळ्यांचे डोळे आकाशाला लागलेले.

त्यांच्यापैकी कोणालाही डॉक्टरची गरज नव्हती. ते आजारी नव्हते. ते फक्त खबरदारी घेत होते.

तात्पर्य: घरात एकाने तरी आजारी असावं. बाकीच्यांना शांत झोप लागते, आणि सल्ला द्यायला हक्काचं माणूस मिळतं. बरं होणं हा निव्वळ स्वार्थ आहे. तो करण्याआधी घरच्यांना विचारावं.

हे सगळं माझ्या मुलीला, शर्वीला, वाचून दाखवलं. आता ही आकाशाबद्दल काय विचारते, म्हणून मी श्वास रोखून बसले. तिने खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

“आई, पण गवा आजोबांना सरळ कोण करणार? त्यांना एकट्याने उठता येणार नाही. आपण जायचं का?”