मागे न पाहण्याचा मान

नेतृत्व म्हणजे पुढे असणे. मागे कोणी आहे की नाही, हा कारकुनी तपशील होय. विलायतेच्या घोडदळात कुलीनांना हे पाळण्यातच शिकवीत. हल्ल्याच्या वेळी मागे वळून पाहणारा सरदार आपल्या स्वारांवर संशय घेतो, असे मानले जाई. (स्वारांना काय वाटते, हे विचारण्याची पद्धत नव्हती.)

लॉर्ड ऑगस्टस पेव्हरिल यांनी चौदा वर्षांत एकदाही मान वळवली नव्हती. गळ्याशी आवळलेली ताठ कॉलर पाहता ती वळलीही नसती. आपली अक्कल बेताची, हे त्यांना स्वतःला पक्के ठाऊक होते. ती उणीव ते मिशांनी भरून काढीत. हाताखालचा घोडेस्वारांचा रिसाला गेला तर आपण निव्वळ मिशाच उरू, ही त्यांची खरी धास्ती. आणि तो त्यांच्याकडे ठेवायचा की नाही, हे जनरलसाहेब आज विल्टशायरच्या माळावर पाहणी करून ठरवणार होते.

कर्णा वाजला. लॉर्डसाहेब सुटले. खंदक आला, घोड्याने उडी घेतली; माळ सरला, ओढा सरला, मेंढरे पांगली. तीन मैलांवर एका पाद्र्याच्या बागेत, वाटाण्याच्या वेलांत, घोडा आपणहून थांबला.

पाद्र्याची बहीण मिस थर्झा शेंगा तोडत होती. "लॉर्डसाहेब, बाकीचे यायचेत का? म्हणजे चहाचं आधण किती ठेवू?"

"चारशे असतील, बाई."

"असतील म्हणजे?"

"आम्हाला मागे बघायचं नसतं. तुम्हीच जरा बघा ना."

तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले. "एक मेंढी येतेय."

"बस्स?"

"लंगडतेय बिचारी. पण येतेय हो."

लॉर्डसाहेबांना हसू फुटले, आणि मग ते मिशांतच विरले. "चौदा वर्षं पुढे आहे मी. आधीही कोणी नसेल का हो मागे?"

"चहा घ्या," ती म्हणाली.

खरे सांगून रिसाला सोडायचा, असे ठरवून ते परतले. चारशे स्वार खंदकाअलीकडेच उभे होते. खंदक आठ हात रुंद होता आणि त्यांनी तो पाहिला होता. लॉर्डसाहेबांनी तोंड उघडले, तोच जनरलसाहेब म्हणाले, "काय हा वेग! पेव्हरिल, हा रिसाला तुमच्या लायकीचाच नाही."

लॉर्डसाहेबांनी तोंड मिटले. (मिशांमुळे दोन्ही गोष्टी कोणाला कळल्या नाहीत.)

निकाल असा लागला: लॉर्डसाहेबांना आणखी दोन रिसाले, स्वारांना महिनाभर जादा कवायत, आणि नवा नियम, की स्वाराने पुढेही पाहू नये.

या हकिकतीत वाचकाला कोणी ओळखीचे दिसले असेल, तर त्याने पुढे पाहिले असा अर्थ होतो. त्याने कवायतीला हजर व्हावे. ज्याला कोणीच दिसले नाही, त्याने लगाम सैल सोडावा. त्याचा सरदार केव्हाच खंदकापलीकडे गेला आहे.