समुद्राचा नवमीचा श्वास

उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवरची हवा वर्षानुवर्षं मोजणारं आमचं केंद्र इगतपुरीच्या घाटमाथ्यावर आहे. समुद्र तिथून दिसत नाही. किनाऱ्यावरच्या जागेची फाइल अडकली, तेव्हा ‘समुद्राचा वारा अखेर घाटालाच येऊन धडकतो’ असा शेरा पडला आणि केंद्र इथे उभं राहिलं. कचेरी नाशकात आहे. मी तिथे वरिष्ठ लिपिक. तेवीस वर्षांत केंद्राचं प्रत्येक पत्र मीच टाइप केलं आहे, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा काहीही दोष नाही.

दीर्घकालीन मोजमापाचा नियम एकच, पद्धत बदलायची नाही. हवा ओढणारी नळी त्याच उंचीवर हवी, नोंदीची वेळ तीच हवी. हे आम्ही इतक्या निष्ठेने पाळलं की नळीजवळचं मधमाश्यांचं पोळंही कुणी काढलं नाही.

या तपश्चर्येला फळ आलं. दरवर्षी पावसाळा संपता संपता एका दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कार्बन मोनॉक्साइड एकदम दसपट व्हायचा आणि तासाभरात खाली यायचा. तारीख ठरलेली नव्हती. कधी सप्टेंबरचा शेवट, कधी ऑक्टोबर. ज्या वर्षी अधिक मास आला, त्या वर्षी तर समुद्रही पुढे सरकला. आमचे संचालक भारतसर यांनी चंद्राशी ताळा घातला आणि उडालेच. अमावस्येनंतर बरोबर नववा दिवस! ‘समुद्राचा चांद्र उच्छ्वास’ हा त्यांचा शोधनिबंध जगभर गाजला. त्या हवेत चंदनासारखा अंश सापडल्यावर समुद्रतळाशी बुडालेलं चंदनाचं वन शोधायला एक समितीही नेमली गेली.

मग ओझरची अंजली तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली. दोन वर्षं उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम. बाकीचे आलेख बघत बसले असताना ही मुलगी त्या नवमीला सरळ घाटावर गेली. आम्हाला हे तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं. वर केंद्राचे शिपाई हिरामण यंत्रासमोर बसले होते. नळीला झेंडूची माळ, यंत्राला हळदकुंकू, आणि नळीच्या तोंडाशी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटलेला.

“काका, हे काय?”

“खंडेनवमी हाय ना ताई. आज हत्यारं पुजायची. बिचारं वर्षभर हवा वढतंय, एक दिस चांगल्या वासाची वढंल.”

“दरवर्षी करता?”

“मशीन आलं तवापासून. एक साल चुकवलं नाय.”

अंजलीने अहवाल दिला. भारतसरांनी तो दोनदा वाचला. ते चिडले नाहीत, म्हणून मला भीती वाटली.

“उदबत्ती बंद केली तर काय होईल?” त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

“खरी हवा मोजली जाईल, सर.”

“म्हणजे तेवीस वर्षांच्या पद्धतीत खंड पडेल.”

पुढच्या नवमीला अंजलीने हिरामणकाकांना समजावून पूजा खालच्या फाटकाशी करायला लावली. यंत्राची रेघ सपाट राहिली. मग जे उठलं ते विचारू नका. ‘समुद्र गुदमरला’ अशा बातम्या झळकल्या, परदेशातून काळजीची पत्रं आली, कोळ्यांना आठवडाभर होड्या काढू नका म्हणून बजावलं गेलं. चौकशी समितीने मूळ कारण शोधून काढलं: मोजमापाच्या प्रस्थापित पद्धतीचा भंग.

सुधारित आदेश मी टाइप केला. उदबत्त्या एकवीस, चंदनाच्या, नळीपासून वीतभर अंतरावर. वीत हिरामण यांची प्रमाण मानावी. ते निवृत्त झाल्यास वितीची लाकडी प्रत कपाटात ठेवावी. येत्या पौर्णिमेला फेरमोजणी घ्यावी, कारण समुद्राला उशीर होऊ शकतो. त्या दिवशी उदबत्ती अंजलीने स्वहस्ते लावावी, म्हणजे तिला कायम करण्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करता येईल.

आदेश घ्यायला ती माझ्या टेबलाशी आली. “साहेब, तुम्ही तरी खरं लिहा ना. पन्नास वर्षांनी कुणीतरी याच आकड्यांवर विसंबून समुद्राचं काय झालं ते ठरवेल.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? आदेशात एकही चूक राहू दिली नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

पौर्णिमेला सगळी कचेरी घाटावर जमली आणि तिने काडी ओढली. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली. दहा वाजून बारा मिनिटांनी रेघ उसळली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हिरामणकाका तेवढे टाळी न वाजवता मला म्हणाले, “आज कसली पूजा, भाऊ? नवमी तर कवाच झाली.” अंजली कायम झाली.

त्या दुपारी ‘समुद्राने पुन्हा श्वास घेतला’ हा मेसेज तुम्हालाही आला. तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून तो सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलात. अंजली तुमच्याच सोसायटीत भाड्याने राहते. तिने खाली लिहिलं, ‘ही उदबत्ती आहे, मीच लावली.’ पाच मिनिटांत तिला ग्रुपमधून काढलं गेलं. कुणी काढलं ते मला विचारू नका, मी साधा लिपिक आहे. अॅडमिन तुम्ही आहात.