शेजारी बसवलेल्या कविता

निम्मं वर्ष आमच्या घराला दार नसायचं. दिवाळीच्या पुढंमागं आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, आम्हाला घेऊन प्रवरेकाठी ऊस तोडायला निघायचे. तिथं पाचटाची खोपी, आणि दार म्हणून आईचं जुनं लुगडं. पहाटे भाकरी थापून आई फडात जायची, दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहायची, आणि संध्याकाळी परत चुलीपुढं. दादा तेवढ्यात अंग टेकून घ्यायचे.

अशा घरातून मी जामखेडला कॉलेजात गेले आणि वाबळे मॅडमच्या तावडीत सापडले.

मॅडम मराठी शिकवायच्या, पण एकटी कविता कधीच नाही. "एकटी कविता लबाड असते. शेजारी दुसरी बसवा, मग खरं बोलायला लागते." हे वेड बाजारातही सुटायचं नाही. मेथीच्या दोन जुड्या दोन हातांत धरून त्या इतका वेळ उभ्या राहायच्या, की भाजीवाली म्हणायची, "बाई, घ्यायची तर घ्या, माझ्या भाजीला नापास करू नगा."

कविता देशाची असो नाहीतर प्रेमाची, मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. "भाकरी कुणी थापली?"

एकदा मागच्या बाकावरचा गणेश वैतागला. "मॅडम, चांदण्यावरची कविता हाय. हितं भाकर कुठनं आली?"

"चांदणं बघायला गच्चीवर कोण गेलं?"

"कवी."

"उपाशी गेला?"

"जेवून गेला आसंल."

"मग खाली भांडी कोण घासत होतं?"

वर्ग हसून लोळला. मॅडमनी लगेच एका बाईची कविता शेजारी बसवली. तिला तेच चांदणं घासलेल्या तांब्यात दिसलं होतं. त्या दिवसापासून गणेशसुद्धा कविता आली की आधी चूल शोधायचा.

आम्हाला वाटलं, बाई आणि पुरुष शेजारी बसवले की संपलं. मग मॅडमनी मोठ्या बागायती घरातल्या एका बाईची कविता वाचली. तिला घराचा उंबरठा तुरुंगासारखा वाटत होता. "याच्या शेजारी कुठली बसवू?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, खोपीला उंबरठाच नसतो. आमची आई म्हणते, एक असता तर रोज हळदकुंकू लावलं असतं."

मॅडमनी खडू खाली ठेवला. एवढ्या खूश झालेल्या मी त्यांना मेथीच्या बाजारातही पाहिलं नव्हतं. "बाई म्हणून दोघी सारख्या. पण मधे जमीन आली, जात आली, काम आलं, की एकीचा तुरुंग दुसरीचं स्वप्न होतो. लिही ही कविता. कॉलेजच्या अंकात दोन्ही शेजारी छापू."

कविता अर्धी झाली आणि दसरा आला. दादा म्हणाले, "पोरीचं उरकून टाकू." आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोरीला फडात जागा नाही, म्हणून तोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत लग्न. मी कॉलेजला जायची बंद झाले.

चौथ्या दिवशी मॅडम एसटीनं गावाकडच्या आमच्या दारात.

"दादा, आयुष्यभर जोड्याच लावत आले. ही जोडी बसत नाही."

"आमच्यात अशीच बसवत्यात, मॅडम."

"ऊस कुणी तोडला?"

"दोघांनी."

"भाकरी कुणी थापली?"

"हिनं."

"ती थापत होती तेव्हा तुम्ही?"

दादांनी टोपी काढली, परत घातली. "मॅडम, तुमी कविता शिकवता का वकिली करता?"

आई पदराआड हसली. मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "आवं, माझा उंबरठा हुकला. तिचा नगं हुकाया."

दादा म्हणाले, "आमी दोघंच जातू औंदा. मॅडम, भाकर खाऊन जा. म्या थापली आसती, पर तुमाला खाववायची न्हाई."

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी मॅडमच्या खोलीवर गेले. तिथंही सगळं जोडीनं. दोन कप, दोन ताटं, दोन खुर्च्या. एका खुर्चीची गादी बसून बसून खचली होती. दुसरीवरचं प्लॅस्टिक तसंच होतं.

"बस तिच्यावर," मॅडम म्हणाल्या आणि दुसरा कप विसळायला घेतला. माझ्याकडं पाठ करून बोलल्या, "ती उंबरठ्याची कविता माझीच गं. प्रवरेकाठी देवळालीला आमचा पन्नास खणांचा वाडा, भोवती ऊस. लग्नाला नाही म्हटलं आणि उंबरठा ओलांडला. त्या घरातून अजून कुणी भेटायला आलं नाही."

म्हणजे आई मोळ्या वाहायची तो ऊस कदाचित त्यांच्याच घरचा. खुर्चीचं प्लॅस्टिक फाडून काढलं आणि नीट टेकून बसले.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली. निकालानंतर निघालेल्या कॉलेजच्या अंकात वाबळे मॅडमची कविता आणि माझी कविता समोरासमोरच्या पानांवर आहेत.