चौथ्या थरातली बरणी

एस.टी. स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलरकी केलेल्या माणसाला दोन पाहुण्या चार दिवस जास्त थांबवून घेता येऊ नयेत? छे! ओमप्रकाशभाऊंना ही गोष्ट पटणारच नव्हती. फलाटावरून सुटलेली परतवाड्याची भरगच्च गाडी त्यांनी एकदा नुसत्या माईकवरून ओरडून परत बोलावली होती, तीही एका म्हातारीच्या विसरलेल्या पिशवीसाठी. त्यापुढे हे काय!

झालं होतं असं. भाऊंचं घर अंजनगाव सुर्जीच्या अगदी कडेला, मागे लांबलचक परस. शेजारच्या गल्लीत नाली खणताना जुन्या विटांची भिंत लागली आणि अकोल्याहून पुरातत्त्ववाल्या तुबा मॅडम येऊन धडकल्या. तिशीची बाई, डोक्यावर टोपी, हातात खुरपी, सोबत मोनाली नावाची एक विद्यार्थिनी. अडीचशे वर्षांपूर्वी इथे वाटसरूंची सराई असावी असा तुबाचा अंदाज होता आणि त्यावरच तिची पीएचडी अडून बसली होती.

"काका, तुमच्या परसात दहा दिवस खड्डा खणू का?" तिने भीतभीत विचारलं.

दुसरा कोणी असता तर शंभर प्रश्न विचारले असते. भाऊंनी एकच विचारला. "दहाच?"

बायकोला, शालूताईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला, दर रविवारी फोन करायचा, बीपी विचारायचा आणि ठेवून द्यायचा. ज्या माणसाचा आवाज रोज हजारो लोक कान टवकारून ऐकत, त्याच्या घरात आता फक्त फ्रीज बोलायचा. तोही अधूनमधून!

खड्डा सुरू झाला आणि भाऊंना पंख फुटले. दिवसातून पाच वेळा चहा! खड्ड्याच्या काठावर ट्रे घेऊन उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! आल्याचा चहा फलाट क्रमांक एकवर लागत आहे!" मोनाली हसून हसून हातातला ब्रश खाली टाकायची. तुबा त्यांना थर दाखवायची. वरचा आपला, खालचा आजोबांचा, त्याखालचा पणजोबांचा आणि चौथा सराईचा. त्या चौथ्या थरातून खापरं निघाली, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, एक दिवस मातीची चिलीम निघाली.

"बघा काका, कोणी तरी वाटसरू इथं बसून ओढत असेल."

"एकटाच होता काय तो?"

तुबाने चिलीम उलटसुलट केली. "ते मातीवरून नाही कळत काका."

नवव्या दिवशी सकाळी तुबा म्हणाली, "झालं आमचं. आज फोटो, उद्या मोजमाप, परवा बुजवून निघतो." परसात होता तेवढाच खड्डा भाऊंच्या पोटात पडला.

पण कंट्रोलर माणूस! दोघी बाजारात जेवायला गेल्या आणि भाऊंची योजना तयार झाली. आणखी काही सापडलं तर या कशाला जातात? त्यांनी फडताळातून शालूताईंची लोणच्याची चिनीमातीची बरणी काढली, डोळे मिटले आणि ओट्यावर आपटली. तुकड्यांना अजून हिंगाचा वास होता. मग खड्ड्यात उतरून त्यांनी तीन तुकडे चौथ्या थरात खुपसले आणि वरून माती थापली. अगदी बेमालूम!

तीन वाजता फोटोसाठी खड्ड्याची बाजू साफ करताना मोनाली किंचाळली, "मॅडम, चिनीमाती! बरणी आहे!"

कुंपणापलीकडे मेथी निवडत बसलेल्या वच्छलाबाईंनी मान उंचावली. "काय सापडलं व?"

बस्स. कुंपणापाशी बरणी होती तिचा चौकात हंडा झाला आणि चार वाजेपर्यंत बाजारात मोहरांचे सात हंडे! माणसांचा लोंढा आला. कोणी नारळ आणला, कोणी मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावलं, एका आजीने खड्ड्यावर हळदीकुंकूच उधळलं. मागोमाग हवालदारही आला. "हंडा कोनाच्या नावावर हाय?"

भाऊ हरखून गेले. शालूताईंच्या तेरवीनंतर या घराने एवढी माणसं पाहिली नव्हती. त्यांनी पातेलंभर चहा ठेवला, साखरेचा डबा उपडा केला आणि पहिला कप घेऊन ते तुबाकडे निघाले. ती खड्ड्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

"काहून मॅडम? आता त सापडलं न!" ते काठावरून म्हणाले.

"काका, ही बरणी फार तर चाळीस वर्षांची आहे. ती चौथ्या थरात निघाली म्हणजे हा थर कोणी तरी आधीच ढवळलेला आहे. आता चिलीम कधीची, बांगड्या कधीच्या, काहीच सांगता येणार नाही. दोन वर्षं पाण्यात गेली माझी."

तेवढ्यात हंडे बघायला मागची गर्दी पुढे रेटली, काठ ढासळला आणि भाऊ कपासकट, नारळासकट धाडकन खड्ड्यात! कमरेपर्यंत मातीत रुतले. वर दोनशे डोकी वाकलेली. भाऊंनी तोंडातली माती थुंकली आणि तीन वर्षांत लागला नव्हता असा आवाज लावला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! हंडा रद्द झालेला आहे! बरणी माह्या घरची आहे. आज दुपारी दीड वाजता मीच ती इथं पुरली. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!"

आधी शिव्या. मग पांगापांग. नारळवाल्याने नारळ उकरून परत नेला! हवालदाराने मात्र वही काढली. "काहून पुरली?"

भाऊंनी तुबाकडे पाहिलं नाही. "ह्या परवा जाऊन राहिल्या न साहेब," ते हळूच म्हणाले.

हवालदाराने वही मिटली, त्यांना हात देऊन वर काढलं आणि निघून गेला.

तुबा मात्र भडकली. "काका, दोन दिवस आणखी राहा म्हणाला असतात तर राहिलो नसतो का आम्ही?"

हे साधं वाक्य भाऊंना सुचलंच नव्हतं!

ढासळलेली बाजू साफ करायला आणखी तीन दिवस लागले. भाऊंना हवे होते तेच तीन दिवस. पण पहिल्या दिवशी तुबाने चहाला हात लावला नाही आणि भाऊंनी घोषणाही केली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वहीत 'घरमालकाने त्याच दिवशी पुरलेली बरणी' असं लिहून त्यावर भाऊंची सही घेतली. थर शाबूत ठरला, चिलीम पुन्हा अडीचशे वर्षांची झाली. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "आलं संपलं का काका?"

बुजवायच्या आधी तिने तळाशी प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर यंदाच्या सालाचं एक नाणं ठेवलं. "पुढं कोणी खणलं तर त्याला कळावं, आपण येऊन गेलो होतो."

"मले एक चिठ्ठी ठेवता येईन काय?"

भाऊंनी चिठ्ठी लिहून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातली आणि बूच घट्ट लावलं. मोनालीने बाटलीतूनच वाचलं. नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि खाली, 'चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.'

"अहो काका, इथं परत कोणी खणेपर्यंत दोनशे वर्षं जातील!"

"जाऊ दे न," भाऊ म्हणाले. "मी घरीच असतो."