गोल करा!

असं समजा, की तुम्ही गोलकीपर आहात. मागे जाळी, दोन्ही बाजूंना दोन खांब, समोर मोठं मैदान. आणि चेंडू? तो लांब पलीकडे, कुणाच्यातरी पायांत. तुम्ही वाट बघताय. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कोपराला एक डास चावून गेला, तुम्ही खाजवून घेतलंत. चेंडू काही आला नाही. आता असे एक नाही, चार सामने गेले असं समजा. जमलं? मग आपल्या गोष्टीतली मुलगी तुम्हाला कळली.

तिच्या संघातल्या मुली तिला ‘तिसरा खांब’ म्हणायच्या. त्यात वाईट हेतू नव्हता. संघच तसा जबरदस्त होता. चार सामन्यांत एकतीस गोल! त्यातले सतरा तर एकट्या कॅप्टनचे. तिला सगळे तोफ म्हणत. समोरच्या संघाला चेंडू मिळायचाच नाही, मग तो तिसऱ्या खांबाकडे येणार कुठून?

अंतिम सामन्यातली त्यांची जागा पक्की होती. त्याआधी एकच सामना उरला होता, तोही सगळ्यात दुबळ्या संघाशी. सामन्याआधी सरांनी तिला बाजूला घेतलं.

“बाळ, राग मानू नकोस. पण तुला चेंडू अडवता येतो की नाही, हे मला अजून माहीतच नाही.”

“येतो, सर! घरी दादाचे अडवते मी.”

“दादाचे ठीक आहे गं. अंतिम सामन्यात समोर दादा नसणार. आज एक तरी चेंडू अडवून दाखव. नाहीतर फायनलला आठवीतली उंच मुलगी उभी करावी लागेल.”

“पण चेंडू आलाच नाही तर?”

सरांनी डोकं खाजवलं. “तेही खरंच आहे,” ते म्हणाले आणि तोफेला हाक मारत निघून गेले.

समोरचा संघ मैदानात आला तेव्हा तिची उरलीसुरली आशाही गेली. पाचवीतल्या चिमुरड्या पोरी. एकीची चड्डी गुडघ्याखाली, दुसरीच्या बुटाची नाडी सुटलेली. त्यांच्या सरांचा पाय मुरगळला होता, म्हणून त्यांच्याबरोबर पहिलीच्या वर्गाच्या बाई आल्या होत्या. बाईंना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्या सरांनी फोनवर त्यांना एवढंच सांगितलं होतं, “काळजी करू नका. मुली घाबरून मागे उभ्या राहतील. मध्ये मध्ये जोरात ओरडा, ‘गोल करा, गोल करा!’ बस्स.”

सामना सुरू झाला. मुली खरोखरच घाबरल्या आणि अकराच्या अकरा आपल्या जाळीसमोर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. तोफेनं पहिला फटका मारला, तो एकीच्या पाठीवर आदळला. दुसरा एकीच्या गुडघ्यावर. तिसरा थेट एकीच्या डोक्यावर. तिनं डोकं चोळलं, “लागलं नाही!” असं सगळ्यांना सांगितलं आणि पुन्हा जागेवर उभी राहिली.

“जागा शोधा! फटी शोधा!” सर ओरडले.

“फटच नाहीये, सर!” तोफ वैतागून म्हणाली. “भिंत बांधल्यासारख्या उभ्यात या!”

“मग सगळ्या पुढे जा! मागच्यासुद्धा!”

झालं. दहाच्या दहा जणी पुढे धावल्या. मागे उरला तिसरा खांब, एकटा. चेंडू आता आणखीच दूर गेला. तिनं मनातल्या मनात म्हटलं, ‘देवा, आमच्या मुली फार छान खेळतात. जरा कमी छान खेळू देत.’

शेवटची दहा मिनिटं उरली, तरी गोल शून्यच. तेवढ्यात तोफेचा एक फटका समोरच्या संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या पोटावर बसला आणि चेंडू तिच्या पायाशी पडून राहिला. तिला सगळे छोटी म्हणत. आता काय करायचं ते छोटीला कळेना. ती घाबरून बाईंकडे बघू लागली. बाईंना वाटलं, हीच ती वेळ. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जोरात आवाज दिला,

“मुलींनो, गोल करा!”

आता एक गोष्ट सांगतो. या सगळ्या मुली पहिलीत याच बाईंच्या वर्गात होत्या. गोष्ट सांगायच्या आधी बाई रोज म्हणत, “गोल करा,” की मुली हात धरून गोल उभ्या राहत. वर्षभराची सवय ती, चार वर्षांत थोडीच जाते? दहा जणींनी पटापट एकमेकींचे हात धरले आणि छोटीभोवती सुरेख गोल केला. आत छोटी, छोटीच्या पायाशी चेंडू. बाहेर आपल्या संघातल्या दहा जणी, तोंडाचा आ वासून.

“पंच! हे काय चाललंय?” सर ओरडले.

पंच म्हणून शेजारच्या शाळेचे गणिताचे गुरुजी होते. त्यांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा वर केला, चार पानं उलटली.

“चेंडूला हात लावू नये, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “मैत्रिणीचा हात धरू नये, असं कुठे दिसत नाही. आणि सर, वर्तुळ बघा कसं आहे. केंद्रबिंदूवर चेंडू! माझ्या नववीच्या पोरांना कंपासनं जमत नाही.”

तोफ गोलाभोवती दोनदा धावली. कोल्ह्याला उंचावरची द्राक्षं दिसावीत, तसं झालं. चेंडू हातभर अंतरावर, पण पाय पोचेना. वाकून बघितलं, तर आतून छोटी म्हणाली, “ताई, इकडून जागा नाही.”

“तुम्ही जा तरी इथून!” तोफ ओरडली.

मुली गुणी होत्या. मोठ्या ताईनं जा म्हटल्यावर त्या निघाल्या. छोटी आत चेंडू ढकलतेय आणि तिच्याभोवती गोल सरकतोय. मैदानाचा मध्य ओलांडला. बाजूनं आपल्या दहा जणी चालल्यात, वरातीत चालावं तशा.

तिसऱ्या खांबाला आधी विश्वासच बसेना. चेंडू येत होता! तिनं गुडघे वाकवले, हात पसरले.

तिकडे गुरुजी बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, “बाई, इथे गोल म्हणजे चेंडू त्या जाळीत घालणं.”

“अय्या! मग हे आधी नाही का सांगायचं?” बाई म्हणाल्या आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, “मुलींनो, गोल मोडा! गोल मोडा आणि गोल करा!”

मुली गोंधळल्या. पाच जणींनी हात सोडले, पाच जणींनी आणखी घट्ट धरले. गोलाला खिंडार पडलं आणि छोटीला समोर जाळी दिसली. तिनं डोळे मिटून लाथ मारली.

चेंडू निघाला. हळू. इतका हळू, की आपल्या मुलीला विचार करायला फार वेळ मिळाला, आणि तेच नडलं. चार सामन्यांचा उत्साह एकदम उफाळून आला आणि तिनं चेंडू पोचायच्या खूप आधीच उडी मारली. ती पालथी पडली. चेंडू निवांत गडगडत आला, तिच्या टाचेला लागला आणि परत छोटीच्या पायाशी गेला.

“हे काही खरं नाही!” सर म्हणाले.

छोटीनं या वेळी डोळे उघडे ठेवले आणि सणसणीत मारला. वरच्या कोपऱ्यात. आपली मुलगी पालथीची उठली कधी, उडाली कधी, कुणाला दिसलंच नाही. दिसला तो थेट तिच्या दोन्ही हातांत घट्ट धरलेला चेंडू.

“शाब्बास!” सर नाचले. “आता पुढे मार! सगळं रान मोकळं आहे!”

पण ती चेंडू सोडेल तर शपथ! इतक्या दिवसांनी भेटलेला चेंडू, तिनं पोटाशी धरून ठेवला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. शून्य-शून्य.

चिमुरड्यांनी एकच जल्लोष केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हरल्या नव्हत्या. छोटी मात्र रडत होती. आपली मुलगी तिच्याजवळ गेली.

“रडू नको गं. तू मारलास म्हणून मला अडवता आला. मी तर तुझे आभार मानायला आले.”

“पण ताई, माझा कधीच गोल झाला नाही,” छोटी हुंदके देत म्हणाली. “एकसुद्धा नाही.”

तेवढ्यात सर वही घेऊन आले. “एक अडवलास, पण तो नशिबानं असेल. आणखी एक अडवून दाखव, मग फायनलला तुझं नाव लिहितो. काय गं छोटे, मारशील?”

छोटीनं नाक पुसलं आणि चेंडू ठेवला. आपली मुलगी जाळीसमोर उभी राहिली. तिनं एकदा वहीकडे पाहिलं, एकदा छोटीच्या पायाकडे. छोटीनं मारला, उजव्या कोपऱ्यात. आणि आपल्या मुलीनं अगदी झोकात, अंग झोकून, डावीकडे उडी मारली.

जाळी हलली. छोटी किंचाळली. अकरा जणी तिच्या अंगावर पडल्या. खरं म्हणजे दहाच, पण बाईही पडल्या.

सरांनी वही उघडली. मग स्वतःशीच पुटपुटले, “इतक्या सफाईनं चुकीची उडी मारायची, तर चेंडू कुठे येणार हे आधी कळावं लागतं.” आणि त्यांनी वहीत तिचं नाव लिहिलं.

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं जाळीतून चेंडू काढला, हातमोजे उतरवून छोटीच्या हातांत चढवले आणि म्हणाली, “चल, आता तू उभी राहा. मी मारते. हळूच.”